दोन बोटांच्या अंतरावरचा ताईत

खोडाळ्याच्या बाजारात त्या दिवशी सुक्या मासळीच्या रांगेत गिऱ्हाईक नव्हते. मासळीवाल्या बायाही टोपल्या झाकून वडाखाली गेल्या होत्या. वडाखाली एक मोटरसायकल उभी होती. गाडी नवी, निळ्या रंगाची. पुढच्या चाकाला झेंडूचा हार, हॅण्डलला लिंबू-मिरची. शेजारी चौरंगावर मोचनबाबा बसले होते. त्यांच्या डाव्या हाताला ध्वनिक्षेपक होता आणि उजव्या हाताला नारळांचा ढीग.

बाबांची भाषा निम्मी हिंदी आणि निम्मी मराठी होती. कुठे कोणती वापरायची हे त्यांचे ठरलेले होते: देवाबद्दल बोलताना हिंदी, दक्षिणेबद्दल बोलताना मराठी.

"देखो मायबाप," बाबा भोंग्यावरून म्हणाले, "गाडी वही, चाबी वही, पेट्रोल वही. मास्तर, ताईत निकालो."

गाडीचा मालक उमेश पुढे झाला. तो सूर्यमाळच्या शाळेत शिक्षक होता आणि चौथीला परिसर अभ्यास शिकवीत असे. गाडीच्या किल्लीच्या भोकाशेजारी काळ्या दोऱ्याने एक ताईत बांधलेला होता. त्याने तो सोडून बाबांच्या हातात दिला, किल्ली फिरवली आणि बटण दाबले. इंजिन कर्र कर्र करीत फिरले, पेटले नाही. काट्यांच्या तबकडीवर एक बारीक लाल दिवा उघडझाप करू लागला.

"ये लाल आँख देखो. ये उस औरत की आँख है. गाडी बांधून टाकली आहे तिने."

गर्दी अर्धे पाऊल मागे सरली. बाबांनी ताईत कपाळाला लावला, ओठ हलवले आणि तो पुन्हा जागेवर बांधला. उमेशने बटण दाबले. लाल दिवा विझला आणि गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली.

मासळीवाल्या बायांनी हात जोडले. एका म्हाताऱ्याने टायरला नमस्कार केला. बाबांनी स्वतः गाडीवर बसून दोनदा आवाज मोठा केला, गाडी बंद केली आणि ते उतरले. उतरताना त्यांचा डावा हात टाकीखाली गेला आणि त्यांनी न पाहता पेट्रोलचा कॉक बंद केला.

मी तिसऱ्या रांगेत उभा होतो. जव्हारच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकचा वर्ग मी सव्वीस वर्षे घेतला. न पाहता कॉक बंद करण्याची सवय त्या वर्गात दुसऱ्या वर्षी लागते. तपश्चर्येने ती लागल्याचे माझ्या पाहण्यात नव्हते.

हकीकत क्रमाने सांगतो. वर्ष २००७, महिना चैत्राचा.

उमेशचे वडील देवराम आमच्या संस्थेत भांडारपाल होते. ते गेल्यावरही घरोबा राहिला, म्हणून उमेश आणि त्याची बायको नीता मला काका म्हणतात. उमेशचे घर खोडाळ्यापासून कोसभर अंतरावरच्या पाड्यावर आहे. सूर्यमाळचा चढ रोज सायकलने चढून गुडघे गेल्यावर त्याने ही मोटरसायकल घेतली. तालुक्यात तशी गाडी दुसरी नव्हती. तिच्या किल्लीच्या प्लास्टिकच्या मुठीत तांदळाच्या दाण्याएवढी काचेची चिप होती, आणि त्या चिपची ओळख पटल्याशिवाय इंजिन पेटत नसे. कंपनीने दोन किल्ल्या दिल्या होत्या. एक हरवली तर दुसरी असावी, हा त्यामागचा हेतू. उमेशने दोन्ही हरवू नयेत म्हणून एकाच कडीत अडकवल्या.

महिनाभराने बाजारात ती कडी हरवली. कडीला प्लास्टिकचा हिरवा मासा होता.

खोडाळ्याच्या बाजाराची एक जुनी रीत आहे. सापडलेली वस्तू कोणी घरी नेत नाही. ज्याच्याकडे भोंगा असेल त्याच्याकडे ती द्यायची, मग तो पुकारा करतो. पूर्वी हा भोंगा भांडीवाल्याकडे असे. त्या वर्षी भांडीवाला येईनासा झाला आणि सर्वांत मोठा भोंगा मोचनबाबांचा होता. उमेश त्यांच्याकडे गेला. बाबांनी मोठ्या कळवळ्याने तीन वेळा पुकारा केला: दो चाबी, एक मछली, जिसको मिली हो वो लाके दे, उसका भला होगा. कोणी आले नाही.

गाडी ढकलत घरी नेली. सीटखालचे कुलूप काढून उमेश जव्हारच्या चावीवाल्याकडे गेला, त्याने कानशीने घासून नवी किल्ली बनवून दिली. किल्ली फिरली, दिवे लागले, हॉर्न वाजला. इंजिन पेटले नाही. मोखाड्याच्या मेकॅनिकने प्लग काढला, कार्बोरेटर उघडला, सगळे पुन्हा बसवले आणि सांगितले, "सर, गाडीत फॉल्ट नाय. पण चालू पण होणार नाय." त्याचे निदान तंतोतंत खरे होते. इतके खरे, की उमेशने दुसरा मेकॅनिक शोधलाच नाही.

पुढच्या बाजारात तो गाडी ढकलत पुन्हा बाबांकडे गेला. बाबांनी लाल दिवा पाहिला, डोळे मिटले आणि विचारले, "गाडीवर कोणाचा हात पडला होता?"

उमेशला आठवले. त्याच्या अंगणापलीकडे कोंडीआत्या राहत असे. ती देवरामची लांबची बहीण, विधवा, साठीच्या पुढची, एकटी. मोहाची फुले वाळत घालताना तिने आपली टोपली गाडीच्या सीटवर टेकवली होती.

"अकेली है? सफेद बाल?" बाबांनी विचारले.

साठीच्या बाईचे केस पांढरे असणे ही गोष्ट त्या दिवशी अंतर्ज्ञान ठरली. बाबांनी ताईत दिला, गाडी सुरू झाली, आणि पाड्यावर कोंडीला भुताळी, म्हणजे चेटकीण, म्हणू लागले.

हा शब्द एकदा चिकटला की बाकीच्या गोष्टी आपोआप येऊन चिकटतात. पाड्याची विहीर दर चैत्रात आटते. त्या चैत्रात आटली ती कोंडीमुळे. तुकाची शेळी मेली, ती कोंडीमुळे. बाबांनी सांगून ठेवले होते की ताईत हा तात्पुरता उपाय आहे. बांधणारी बाई पाड्यावर आहे तोवर बंधन राहणार. रविवारी रात्री अमावास्या लागते, त्याआधी तिचे घर मोडून काढा. ताईत उघडाल तर घरातल्या सर्वांत लहान जिवावर येईल. उमेशचा मुलगा तीन वर्षांचा होता.

या बंदोबस्ताकडे नीट पाहिले पाहिजे. गाडी ताईताशिवाय सुरू होत नव्हती, म्हणजे कोंडी दोषी. ताईताने सुरू होत होती, म्हणजे बाबा खरे. रोज सकाळी उमेश शाळेला निघाला की कोंडीविरुद्ध आणखी एक साक्ष नोंदली जात होती.

बाजारातून मी नीताबरोबर पाड्यावर गेलो. तिनेच मला निरोप धाडला होता. ती अंगणवाडी चालवीत असे.

"काका, रविवारी आत्याचं घर काढणार आहेत," ती म्हणाली. "तिला कुठे जायचं तेही कोणी सांगत नाही. नुसतं जा म्हणतात."

"उमेश काय म्हणतो?"

"ते म्हणतात, मी कुठे काय म्हणतोय. पण गाडी रोज तोच ताईत बांधून चालवतात."

कोंडी आपल्या दारात मोह निवडत होती. मी जवळ गेल्यावर तिने मान वर केली.

"मास्तर, मी त टोपली टेकवली," ती म्हणाली. "तुमच्या जव्हारात टोपली टेकवली त गाडी बंद पडते काय?"

"नाही पडत."

"मंग माझ्याच टोपलीत काय हाय?"

याचे उत्तर माझ्यापाशी होते, पण ते तिला नव्हे, पाड्याला पटवायचे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी उमेशच्या अंगणात मी मोजमापाला बसलो. ताईत उघडणार नाही, असे नीताला वचन दिले होते आणि ते पाळले. ताईत जागेवर बांधून गाडी सुरू केली: सुरू झाली. ताईत एका बोटाच्या अंतरावर धरला: सुरू झाली. दोन बोटे: सुरू झाली. चार बोटे: नाही. मग ताईत नीताच्या पितळी कुंकवाच्या डबीत ठेवला, झाकण लावले आणि डबी किल्लीच्या भोकाला टेकवली: नाही. प्रत्येक मोजमाप तीनदा घेतले.

उमेश ओट्यावर बसून पाहत होता. "काका, यातून काय निघतं?"

"यातून असं निघतं की बाबांचा मंत्र दोन बोटांपर्यंत पोचतो, चार बोटांपर्यंत नाही. आणि पितळेतून तो आरपार जात नाही."

"देवाला पितळ चालतं," उमेश गंभीरपणे म्हणाला. "देव सगळे पितळेचेच असतात."

"म्हणूनच विचारतो. या मंत्राला का चालत नाही?"

 मी त्याला यंत्र समजावले. किल्लीच्या भोकाभोवती तारेचे एक वेटोळे असते. किल्ली फिरवली की ते वेटोळे दोनेक बोटांच्या टप्प्यात क्षीण लहरी सोडते. त्या लहरींवरच चिप जागी होते आणि आपला क्रमांक कळवते. गाडीतली पेटी तो क्रमांक ताडून पाहते. जुळला तर ठिणगीला परवानगी. नाही जुळला तर लाल दिवा. भोवती धातू आला की लहरी अडतात. कानशीने घासलेल्या किल्लीत चिप नाही, म्हणून ती कुलूप फिरवते पण इंजिन पेटवत नाही.

"म्हणजे ताईतात चिप आहे म्हणता? कोणाची?"

"तुझ्या गाडीला तिसरी चिप कंपनीने दिलेली नाही."

उमेशने ताईताकडे पाहिले, मग मुलाकडे. मूल अंगणात कोंबडीच्या मागे धावत होते. "पण काका, समजा तुमचं चुकलं," तो म्हणाला, आणि त्याचा हात ताईताकडे गेला नाही. मी त्याला दोष दिला नाही. पैज लावायची तर स्वतःची वस्तू लावावी. मूल ही पैजेची वस्तू नव्हे, आणि बाबांनी नेमके तेच हेरले होते.

मग मी दुसरा मार्ग धरला. बाबा म्हणतात की बाई पाड्यावरून गेली की बंधन सुटेल. हे तपासता येण्यासारखे होते. त्याच दुपारी मी कोंडीला एसटीने जव्हारला नेले आणि डोळे तपासून घेतले. रात्री ती माझ्या घरी राहिली. शनिवारी सकाळी उमेशने चार माणसांसमक्ष ताईत काढून गाडी सुरू करून पाहिली. लाल दिवा लागला. गाडी सुरू झाली नाही.

एवढ्याने पाड्याची खात्री पटेल अशी माझी अपेक्षा होती. ती चुकीची ठरली. डॉक्टरांच्या मते कोंडीला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि दहा हातांपलीकडचे माणूस ओळखू येत नव्हते. पाड्याच्या मते तिची नजर जव्हारहून खोडाळ्यापर्यंत पोचत होती.

कोंडीला शनिवारीच परत जायचे होते. मी राहा म्हणालो. ती म्हणाली, "मी नाय गेली त ते बोलतील, पळली." तिचे बरोबर होते.

उरला गाडीचा गुप्त क्रमांक. किल्ली हरवली तर वापरण्यासाठी कंपनी गाडीबरोबर चार आकडी क्रमांकाचे एक कार्ड देते. शोरूमने ते जपून ठेवायला सांगितले होते. पाड्यावर कुठल्याही नव्या वस्तूचा पहिला कागद देव्हाऱ्यात ठेवून त्याला शेंदूर लावण्याची पद्धत आहे. गाडीचा पहिला कागद म्हणजे हे कार्ड. एवढ्या दिवसांत त्यावर शेंदराचा एवढा थर चढला होता की ते कार्ड आहे हेही कळत नव्हते. नीताने ते काढून दिले. खोबरेल तेलाच्या फडक्याने हळूहळू पुसले तेव्हा आकडे दिसले: तीन, एक, सहा, दोन.

खोडाळ्याच्या टेलिफोन बूथवरून मी नाशिकच्या शोरूमला फोन लावला. तिथल्या मेकॅनिकने रीत सांगितली. किल्ली चालू करायची. लाल दिवा उघडझाप करतो. पहिला आकडा जेवढा, तेवढ्या उघडझापी मोजून किल्ली बंद करायची. मग पुढचा आकडा, तसाच. चारही जुळले की गाडी चिपवाचून सुरू होते. एकही चुकला तर अर्धा तास थांबावे लागते.

रविवारी सकाळी आठ वाजता उमेशच्या अंगणात पाडा जमला. बाबा जीपने आले होते. घर काढायला सात जण तयार होते. त्यांच्या हातात कोयते होते. त्यांच्यात तुका होता, ज्याची शेळी मेली होती.

मी सांगितले, "घर काढण्याआधी एक गोष्ट पाहा. ताईत डबीत बंद आहे आणि डबी बाबांच्या हातात आहे. गाडी कोंडीआत्या सुरू करतील."

"वो छुएगी तो गाडी जल जायेगी," बाबा म्हणाले.

"जळाली तर गाडी उमेशची आहे. त्याची हरकत नाही."

उमेशने मान हलवली. ती होकाराची होती की नव्हती हे नक्की सांगता येत नाही, पण तो आडवा आला नाही.

कोंडी गाडीवर बसली. पाय जमिनीला टेकेनात म्हणून नीताने मागून गाडी धरली. मी आकडे सांगितले आणि जमलेल्यांना विनंती केली की उघडझापी सर्वांनी मिळून मोजाव्यात, म्हणजे पुढे कोणाला शंका राहणार नाही. ही माझी चूक झाली.

दिवा उघडला, मिटला. पुंजा नावाच्या म्हाताऱ्याने खणखणीत आवाजात म्हटले, "लाभ."

खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. पुंजाने सारे आयुष्य नागली आणि भात मापले होते. त्याने पहिल्या उघडझापीला लाभ म्हटले ते बरोबरच होते. पण शाळेतल्या पोरांना वाटले की आजोबांनी नुसती सुरुवात करून दिली. दुसऱ्या उघडझापीला पोरे ओरडली, "एक." पोरांचा आवाज मोठा होता. कोंडीने पोरांचे तीन ऐकून किल्ली बंद केली. गाडीच्या मते ते चार झाले होते.

लाल दिवा स्थिर झाला आणि विझेना.

"देख लिया?" बाबा म्हणाले. "आता काढा घर."

"अर्धा तास थांबा," मी म्हणालो. "मोजणी चुकली. पुन्हा करता येईल."

"अर्धा घंटा किस लिये? साहेबांना जव्हारची बस यायची आहे का?"

लोक हसले. ते हसणे वाईट नव्हते, पण त्याने सात जणांचे पाय सुटले. ते अंगणापलीकडे गेले. कोंडीच्या घराच्या भिंती कारवीच्या कुडाच्या होत्या, शेणामातीने लिंपलेल्या. तुकाने पहिला कोयता घातला. माती पडली, कारवी दिसली. कोंडी गाडीवर बसूनच राहिली. तिला एवढ्या अंतरावरचे दिसत नव्हते. ती आवाज ऐकत होती.

"मागली भिंत काय?" तिने नीताला विचारले.

"मागलीच, आत्या."

"तिकडं माझी नागली हाय. मडकी फोडू नका म्हणावं."

नीता गाडी उमेशच्या हातात देऊन गेली आणि पडत्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली. "आता मारा कोयता," ती म्हणाली. "माझ्या पोराची फिकीर करताय ना तुम्ही सगळे? मग त्याच्या आईला मारा."

तुका म्हणाला, "बाई, बाजूला व्हा. आमी काय तुमच्या वाईटाचं करतो?"

"अर्धा तास होऊ दे. मग होते बाजूला."

तो अर्धा तास मी घड्याळात पाहून काढला. त्याबद्दल अधिक सांगण्यासारखे काही नाही.

दुसऱ्या वेळी मी सर्वांना गप्प राहायला सांगितले. मोजायचे फक्त कोंडीने. तिने ओटीतून मोहाची फुले काढली आणि गाडीच्या टाकीवर चार ढिगल्या केल्या: तीन, एक, सहा, दोन. प्रत्येक उघडझापीला ती एक फूल खाली टाकी. ढिगली संपली की किल्ली बंद. अशी मोजणी चुकणे कठीण असते. पुढे मी वर्गात शिकवली असती, पण तोवर मी निवृत्त झालो होतो.

शेवटचे फूल पडले. लाल दिवा विझला. मी तिचा अंगठा धरून बटणावर ठेवला.

गाडी सुरू झाली.

 गाडीच तेवढी बोलत होती. ताईत डबीत होता, डबी बाबांच्या हातात, आणि ज्या बाईने गाडी बांधली असे सांगितले गेले होते ती गाडीवर बसली होती.

सर्वांआधी बाबा सावरले. "मेरी कृपा से," ते म्हणाले. "मैंने अभी बंधन खोल दिया. माई को माफ किया. फक्त पाच नारळ आणि..."

"बाबा," गर्दीच्या मागून एक माणूस म्हणाला, "ती किल्ली यांची होती काय?"

तो सूर्यमाळचा ढवळू होता. जमाव पाहून रस्त्यावरून आत आला होता.

"कोणती किल्ली?" उमेशने विचारले.

"हिरवा मासा होता तिला. दोन चाव्या. मागे बाजारात मना सापडली, मासळीच्या रांगेत. मी बाबांना नेऊन दिली. भोंगा त्यांचाच ना. बाबा बोलले, मी सांगतो भोंग्यावर. माझी जीप सुटत होती, मी गेलो." तो जरा ओशाळला. "मी समजलो, तुमाला मिळाली असल."

आता सगळे बाबांकडे पाहू लागले. बाबा किंचित हसले.

"बेटा, सिद्ध पुरुष के पास वस्तु खुद चलके आती है."

"खुद कशी चालून येईल?" ढवळू म्हणाला. "मी घेऊन आलो ना."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्याला फक्त हकीकत दुरुस्त करायची होती. मी इतके दिवस मोजमापे घेतली, पण पाड्याचे मत फिरले ते या एका वाक्याने. तुकाने कोयता जमिनीवर ठेवला.

नीता भिंतीपासून पुढे आली. तिने बाबांच्या हातून डबी घेतली, ताईत काढला आणि विळ्याच्या धारेवर धरला. उमेश म्हणाला, "नीता." ती थांबली. मग उमेशने मुलाला उचलून कडेवर घेतले, घट्ट धरले, आणि म्हणाला, "कर."

ताईतात थोडी राख होती, एक लवंग होती, आणि मेणात बसवलेला तांदळाच्या दाण्याएवढा काचेचा तुकडा. मूल कडेवरून कोंबडीकडे पाहत राहिले.

बाबांनी झोळी दाखवायला नकार दिला, तेव्हा पुंजाने ती काढून घेतली. आत हिरवा मासा होता, एक धड किल्ली होती, आणि एका किल्लीची मूठ फोडलेली होती. पोलीस पाटलांनी विचारले तेव्हा बाबांनी ठाणे शहराकडच्या एका गॅरेजात नऊ वर्षे काढल्याचे कबूल केले. पुढे पोलीस ठाण्यात तक्रार नोंदली गेली ती सापडलेली किल्ली दडवल्याची. चमत्कार कोणत्या रकान्यात लिहायचा, हे लिहिणाऱ्याला ठरवता आले नाही.

ते सात जण अंगणात तसेच उभे होते. तुका कोंडीसमोर गेला आणि काय बोलावे ते न सुचून म्हणाला, "आते, भित परत लिंपून देतो."

"दे," कोंडी म्हणाली.

तिने त्यांना चहा विचारला नाही आणि माफ केले असेही म्हटले नाही. दाराशी बसून ती लिंपणाचा आवाज ऐकत होती, आणि हात फिरवून पाहून पुन्हा पुन्हा सांगत होती की इथे अजून वारा लागतो. दुपार टळेपर्यंत तिने त्यांना सोडले नाही.

त्या सात जणांपैकी एकही माणूस दुष्ट नव्हता. ढवळूइतकेच ते प्रामाणिक होते; सापडलेली वस्तू तेही घरी नेणारे नव्हते. त्यांनी डोळ्यांनी जे पाहिले ते खरे होते: ताईत बांधला की गाडी सुरू होत होती. चूक पाहण्यात नव्हती. एक प्रश्न त्यांनी विचारला नाही: बाबा खोटे असते तर आपल्याला याहून वेगळे काय दिसले असते? वेगळे काहीच दिसले नसते. मग जे दिसले तो कसला पुरावा?

हा प्रश्न विचारायला तंत्रशिक्षण लागत नाही, मोटरसायकलही लागत नाही. अडलेली गाडी आज ना उद्या सुरू होते. नाही झाली तरी माणूस पायी शाळेत पोचतो. ज्या कारणासाठी एखाद्या बाईचे घर काढायला निघालो, ते कारण आधी उघडून पाहावे, दहा माणसांसमोर, दिवसाच्या उजेडात. जो ते उघडायला मनाई करतो, त्याच्या हातात आपले काय आहे, ते त्याच वेळी त्याला विचारावे.